सिंकमध्ये ओतलेलं सरबत

ठाण्याच्या ताई,

तुमच्या चार पानी पत्रात साडेतीन पानं मुलाची तक्रार आहे. इस्रायलमध्ये अश्दोदला गेल्यापासून तो धर्माच्या बाबतीत कडक झाला, नातवाच्या वाढदिवसाला तुम्ही मलिदा करा म्हणालात तर ‘आई, ही कोकणातली प्रथा, खरा यहुदी विधी नव्हे’ म्हणाला. त्याला ताळ्यावर कसं आणू, असं विचारता.

त्याचं लवकर आटपते. ज्या बेने इस्राएलांच्या, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यूंच्या, प्रथा त्याला कच्च्या वाटतात, ते सर्वार्थाने ज्यू आहेत हे त्याच्या देशाच्या संसदेलाही १९६४ साली सांगावं लागलं होतं. आणि मलिदा म्हणजे काय? पोहे, खोबरं, फळं आणि एलियाहू हन्नाबीचं, म्हणजे एलिया प्रेषिताचं, नाव. तो करणार नसेल तर तुम्ही इथे करा. पुढे.

तिसऱ्या पानाच्या तळाशी, समासात, तुम्ही लिहिलंय: ‘दर गुरुवारी रात्री मनुका भिजत घालते, शुक्रवारी कुसकरून गाळते. पण हे गेल्यापासून शब्बाथच्या पेल्यावर किद्दुशची प्रार्थना म्हणायला घरात पुरुष नाही, म्हणून शनिवारी रात्री सरबत सिंकमध्ये ओतते.’

तीन वर्षं, ताई! दीडशे शुक्रवार! मला मुलाचा राग आला नाही, तुमचा आला.

कोणी सांगितलं पुरुष लागतो म्हणून? दहा पुरुष लागतात ते मिन्यानला, म्हणजे आपल्या मशिदीतल्या, सिनेगॉगमधल्या, सामुदायिक प्रार्थनेला. किद्दुशला एकटी बाईही पुरते. तालमुदात, आपल्या धर्मनियमांच्या ग्रंथात, स्पष्ट आहे, बायका किद्दुशला बांधलेल्या आहेत. दहा आज्ञांमध्ये शब्बाथाबद्दल, म्हणजे शनिवारच्या विसाव्याबद्दल, एकदा ‘आठवण ठेव’ म्हटलंय, दुसऱ्यांदा ‘पाळ’. जिने पाळायचं, तिनेच आठवायचंही. मुलगा एवढा कडक झालाय ना, विचारा त्याला, नाही म्हणता येणार नाही.

आपले लोक हिब्रू विसरले होते, ‘देव एकच’ सांगणारा ‘शेमा’ तेवढा ओठांवर उरला होता. तरी शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव ‘शनवार तेली’ म्हणायचं. घाणा पुरुषांनी थांबवला असेल, पण शनिवारी चूल पेटवायची नाही म्हणून शुक्रवारीच दोन दिवसांचं रांधून ठेवणाऱ्या कोण होत्या? तुमच्या-माझ्या पणज्याच. त्यांनी कोणा पुरुषाची वाट पाहिली असती तर तुम्ही आज हे पत्र मला लिहिलं नसतं.

शब्द येत नाहीत, असं सांगू नका. एक्केचाळीस वर्षं संसार केलात, म्हणजे दोन हजारांवर शुक्रवार नवऱ्याच्या शेजारी उभ्या राहून आमेन म्हटलंत. ‘योम हशिशी’, सहावा दिवस, म्हणून सुरुवात करा, पुढचं जिभेवर आपोआप येईल.

या शुक्रवारी सूर्य बुडायच्या आधी दिवे लावा. कपाटातून त्यांचा पेला काढा; चिंचेने घासायला लागेल, काळा पडला असेल. काठोकाठ भरा आणि मोठ्याने म्हणा, शेजारच्यांना ऐकू गेलं तर जाऊ दे. अडखळलात तर पुन्हा पहिल्यापासून. आणि बसून निवांत प्या.

— तुमची मावशी