बांगड्या कुणाच्या हातांनी फुटतात, ते आधी बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय चोवीस, गाव कोल्हापूर भागातलं, वाचता वाचता देवावरचा विश्वास उडाला. गावात नवरा गेला की बाईचं कुंकू पुसतात, बांगड्या फोडतात, मंगळसूत्र-जोडवी काढून घेतात. ते तुम्हाला थांबवायचंय. लोक म्हणतात, "तुला देवच नाही, मग आमच्या रीतीत बोलणारा तू कोण?" सुरुवात कुठून करू, मोर्चा काढू का, आणि नास्तिक असल्याचं लपवू का, असं तुम्ही विचारलंय.

शेवटचं आधी घेतो. लपवू नका आणि मिरवूही नका. कुणी विचारलं तर "मी मानत नाही" एवढं सांगा आणि पुन्हा विषयावर या. महाराष्ट्रात असल्या कामाला हात घालणारी माणसं काही एका माळेचे मणी नव्हती. जोतीराव फुले निर्मिक, म्हणजे जगाचा निर्माता, मानत. गाडगेबाबा कीर्तनात उभे राहूनच नवसाच्या बोकडावर कोरडे ओढत. आगरकर अज्ञेयवादी होते, म्हणजे देव आहे की नाही हे कळू शकत नाही असं मानणारे, आणि पुण्याच्या सनातन्यांनी त्यांच्या जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली. नरेंद्र दाभोलकरांनी 1989 मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी केली तेव्हा देवाधर्माबाबत संघटना तटस्थ राहील आणि तिचा विरोध शोषणाला असेल, अशी भूमिका घेतली. कडव्या नास्तिकांना ती बोटचेपी वाटते. मला ती कामाची वाटते. कारण तुमच्या ठरावाला उद्या हात वर करणार आहेत त्या भजनी मंडळातल्याच बायका.

देव आहे का हा एक वाद, आणि बांगडी फोडायची का हा दुसरा. दोन्ही एकत्र आले की दुसरा हरतो. सभेत कुणीतरी मुद्दाम विचारणार, "आधी सांग, देव आहे का नाही?" तुम्ही उत्तर द्यायला गेलात की अर्धा तास त्यातच जातो आणि विधवांचा विषय तिथेच राहतो. त्यावर एकच वाक्य पाठ करून ठेवा: "ते नंतर चहाला बोलू, आज या बायांचं बघू."

आता मुख्य गोष्ट. 1890 मध्ये नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईतल्या न्हाव्यांना एकत्र केलं आणि विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवायचा नाही, असा संप घडवला. केशवपनाविरुद्ध लेख आणि व्याख्यानं त्याआधीही होत होती. पण लेख वाचून वस्तरा थांबत नव्हता. तो ज्याच्या हातात होता त्यानेच तो खाली ठेवला. म्हणून प्रथा वाईट आहे हे गावाला सांगत सुटण्याआधी ती कुणाच्या हातांनी चालते ते शोधा.

तुमच्या भागात हे हात बहुतेक बायकांचेच असतात. काही घरांत प्रेत उचलायच्या आधी अंगणात, काही ठिकाणी दहाव्याला नदीवर. भावकीतल्या दोन-तीन वयस्क बाया, बऱ्याचदा स्वतः विधवा, नव्या विधवेला मध्ये बसवतात. एक कपाळावरून हात फिरवते, दुसरी मनगट धरते. बांगडी दगडावर आपटली की काच मनगटात घुसते, आणि त्या रक्ताकडे कुणी बघत नाही, कारण बाहेर तिरडी बांधून तयार असते. पुरुष तेव्हा लाकडं आणि गाडी बघत असतात. त्या पाच मिनिटांत तुमच्यासारखा तरुण आत जाऊन काही बोलला तर भांडण होईल, आणि बांगड्या फुटायच्या त्या फुटतीलच.

तिथे चालतं ते एवढंच: बचत गटातल्या किंवा शेजारच्या तीन बायांनी त्या बाईच्या दोन्ही बाजूंना जाऊन बसायचं आणि अंत्ययात्रा निघेपर्यंत उठायचं नाही. भाषण नको. मनगट आपल्या हातात धरून बसलं तरी पुरे. भावकीतल्या कर्त्या माणसाशी बोलणं त्याआधी झालेलं हवं. आजारी माणूस दवाखान्यातून घरी आणून ठेवलेला असतो तेव्हा हे बोलणं अवघड वाटतं, पण खरी वेळ तीच. ज्या अक्का-मावशी हे करतात त्यांच्याशी वेगळं, एकेकीशी बोला. त्यांना दोषी धरलंत की दार बंद. "अक्का, तुमच्या वेळी कुणी थांबवलं असतं तर?" या प्रश्नाला मात्र बहुतेक जणी गप्प होतात, आणि मग स्वतःचंच सांगू लागतात.

तरी मयतीच्या घरापासून सुरुवात करू नका. तिथे दुःख ताजं असतं आणि भीतीही मोठी. संक्रांतीच्या हळदी-कुंकवापासून करा. निमंत्रणावर "सुवासिनींनी यावे" ऐवजी "सर्व महिलांनी यावे" लिहा आणि वाण सगळ्यांना सारखं द्या. इथे एक चूक हमखास होते. उत्साहाच्या भरात कार्यकर्त्या विधवांना ओढून कुंकू लावतात आणि फोटो काढतात. जिला वीस वर्षं शिकवलं की आपली सावलीही अशुभ, ती त्या क्षणी थरथरते, आणि पुढच्या वर्षी येत नाही. जबरदस्तीने कुंकू लावणं हीसुद्धा जबरदस्तीच. वाण घेऊन बसली, चहा प्याली, गप्पा मारल्या, तेवढं पहिल्या वर्षी पुष्कळ झालं. फोटो तिने सांगितला तरच. मंगळसूत्राचं मला स्वतःला काही कौतुक नाही, तुम्हालाही नसेल. पण घालायचं की काढायचं हे गावाने ठरवायचं नाही, हा मुद्दा आहे.

हे एक-दोन वर्षं जमलं की ग्रामसभा. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडने 4 मे 2022 ला विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि 17 मे ला राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना त्याचं अनुकरण करायला सांगितलं. तुमच्या अर्जाला ही दोन्ही कागदपत्रं जोडा. कायदेशीर ताकदीसाठी नव्हे, तर "हे आपल्याच जिल्ह्यात झालंय" हे दिसावं म्हणून.

ग्रामसभेची नोटीस सात दिवस आधी निघते. तुमचा अर्ज त्याच्याही आधी, सभेच्या दहा-बारा दिवस आधी द्या आणि पोच घ्या. विषयपत्रिकेवर विषय हवाच. "ऐनवेळचे विषय" या खणात टाकलेली गोष्ट लोक घरी निघाल्यावर वाचली जाते. गणपूर्तीला, म्हणजे सभा वैध ठरायला लागणाऱ्या किमान हजेरीला, एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांतला कमी आकडा लागतो. तेवढी माणसं नसली तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. अशा वीस माणसांच्या सभेत ठराव सहज होऊन जातो, पण तो घेऊ नका. पहिल्याच मयतीच्या वेळी लोक म्हणतील, आम्ही कुठे होतो? ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची तरतूद कायद्यात आहे. ती बहुतेक गावांत कागदावरच होते. ती खरोखर भरवा. विषय तिथे आधी मंजूर झाला की ग्रामसभेत पुरुषांना विरोध करणं जड जातं. सूचक आणि अनुमोदक बायकाच असू द्या, त्यांतली एक विधवा असेल तर उत्तम. तुमचं नाव ठरावात नसलेलंच बरं.

ठरावाची भाषा हा खरा धोका. जोशात लिहिलं जातं, "जो ही प्रथा पाळेल त्याच्याशी गाव व्यवहार ठेवणार नाही", किंवा "पाच हजार दंड". असं लिहिलंत तर तुमचा ठरावच गुन्ह्याकडे जातो, कारण महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध 2016 चा कायदा आहे आणि तो 2017 च्या जुलैपासून लागू आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. ठरावात दंड, बंदी, बहिष्कार काही नको. "कोणत्याही स्त्रीवर सक्ती होऊ देणार नाही आणि तिला सर्व कार्यक्रमांत मानाने बोलावले जाईल" एवढं पुरे. तसंच सभेत जादूटोणाविरोधी कायद्याचं नाव घेऊ नका. 2013 चा तो कायदा नरबळी, अघोरी उपचार, भुताखेतांची भीती घालणं अशा अनुसूचीतल्या बारा बाबींपुरता आहे. विधवा प्रथा त्यात नाही. चुकीचा कायदा सांगितलात आणि गावातल्या एखाद्या वकिलाने तो पकडला, की त्या दिवशी तुमचं बाकीचंही खोटं ठरतं.

मोर्चाचं म्हणाल तर या विषयात मोर्चा कुणावर नेणार? मोर्चाला समोर कचेरी लागते, इथे समोर आपलीच काकू आहे. मात्र शेजारी एक विषय आहे ज्याला खरंच कचेरी आहे, आणि माझ्या मते तो बांगड्यांपेक्षा मोठा आहे. नवरा गेल्यावर सातबाऱ्यावर बाईचं नाव लागत नाही. वारस नोंदीची वर्दी तलाठ्याकडे तीन महिन्यांत द्यायची असते. मृत्यूचा दाखला, वारसांची नावं सांगणारं प्रतिज्ञापत्र, आधार, रेशनकार्ड, चालू सातबारा आणि आठ-अ (खात्यावरच्या एकूण जमिनीचा उतारा) एवढे कागद लागतात. अर्ज ई-हक्क प्रणालीवरही करता येतो. फेरफार, म्हणजे नाव बदलाची नोंद, धरल्यावर हरकतीसाठी पंधरा दिवसांची नोटीस निघते. गोची दोन ठिकाणी होते. एक, दीर वारसांच्या यादीत फक्त मुलांची नावं लिहून देतो. दोन, "भावकीत कटुता नको" म्हणत तिच्याकडून हक्कसोडपत्रावर सही घेतात, तीही दहाव्या-तेराव्याच्या गर्दीत. तेराव्याच्या आत कुठल्याच कागदावर सही करायची नाही, हा नियम बचत गटात पक्का करा. जिचं नाव सातबाऱ्यावर आहे तिच्या मनगटाला हात लावताना भावकी दोनदा विचार करते. तलाठी चालढकल करत असेल तर दहा-पंधरा बायांनी मिळून तहसीलदारांना निवेदन द्यायला जा. हा मोर्चा उपयोगी. पोलीस ठाण्यात आधी लेखी कळवा, तुमच्या जिल्ह्यात त्या तारखेला जमावबंदीचा आदेश आहे का ते विचारून घ्या, आणि निवेदनाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घेतल्याशिवाय बाहेर पडू नका.

काम वाढलं की तुमच्यावर किंवा तुमच्या घरावर बहिष्कार येऊ शकतो. तो कुणी लिहून देत नाही. गिरणीवाला दळण घेत नाही, न्हावी "आज वेळ नाही" म्हणतो, यात्रेची वर्गणी मागायला कुणी येत नाही, आणि लग्नपत्रिका फक्त तुमचं घर सोडून जाते. एकेक गोष्ट किरकोळ दिसते, म्हणून वही ठेवा: तारीख, वेळ, ठिकाण, कोण काय बोललं, तिथे आणखी कोण होतं. बैठकीत ठरल्याचं कुणी सांगितलं तर सांगणाऱ्याचं नावही लिहा, कारण गुन्हा त्या बैठकीचाही होतो. तक्रार पोलिसांत करता येते किंवा थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. मात्र दुकानदाराला पहिला आरोपी करू नका. तोही बहुतेक घाबरलेला असतो, आणि पुढे तोच तुमचा साक्षीदार होऊ शकतो.

तुमच्या नास्तिकतेच्या कागदांबद्दल दोनच गोष्टी. मुंबई उच्च न्यायालयाने 2014 मध्ये स्पष्ट केलं की धर्म सांगण्याची सक्ती सरकार करू शकत नाही, "कोणताही धर्म नाही" असं म्हणता येतं. पण तुम्ही अनुसूचित जातीचे असाल तर घाई करू नका. 1950 च्या आदेशाने आणि त्यातल्या नंतरच्या दुरुस्त्यांनी तो दर्जा हिंदू, शीख आणि बौद्ध यांच्यापुरता ठेवलाय, आणि धर्माच्या रकान्यातला एक शब्द पुढे मुलांच्या जात पडताळणीत आडवा येऊ शकतो. आणि नास्तिक झालात म्हणून वारसा कायदा बदलत नाही. हिंदू घरात जन्मलेल्या नास्तिकाला हिंदू वारसा कायदाच लागतो.

एक कागद मात्र आजच करता येईल. नास्तिक नवऱ्याच्या मयतीतही त्याच्या बायकोच्या बांगड्या फुटतातच, कारण त्या दिवशी वाद घालणारा तोच नसतो. करमाळ्याच्या प्रमोद झिंजाडे यांनी यावर उपाय काढला: पुरुषाने हयातीतच प्रतिज्ञापत्र लिहून ठेवायचं की माझ्यामागे पत्नीवर यातलं काही होऊ नये. न्यायालयात याचं फार वजन नाही, साध्या कागदावरही चालतं. कागदावर काय काय करायचं नाही ते नावानिशी लिहा, नुसतं "अनिष्ट प्रथा" असं मोघम नको. कपाटात ठेवू नका, एक प्रत भावकीत वाचून दाखवा. तुमचं लग्न झालं नसेल तर वडिलांना लिहायला सांगा, आईसाठी. साक्षीदार म्हणून आईच्या भावाची सही घ्या. त्या दिवशी घरातल्या बायकांचं कुणी ऐकत नाही, पण मामा उठून उभा राहिला तर थांबतात.