सायकल चालते, उभं राहवत नाही

प्रश्न : मी ६६ वर्षांचा, एसटीतून निवृत्त झालेला कंडक्टर. पाच-सात मिनिटं उभा राहिलो की दोन्ही पोटऱ्या भरून येतात, तळव्यांना मुंग्या येतात. बसलो की लगेच बरं वाटतं. सायकल मात्र अर्धा तास मारली तरी काही होत नाही. एमआरआयमध्ये कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यापाशी नसा दबल्याचं लिहिलंय. पुतण्याच्या कमरेच्या दुखण्याला भुजंगासन लागू पडलं. गावातला एक जण चोळून नस ‘जागेवर बसवतो’ म्हणतो. जाऊ का?
— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : नका जाऊ. नस जागेवरून हललेलीच नाही, तो बसवणार काय?

सायकलचं लिहिलंत ते फार बरं केलंत. पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या तरी चालताना गोळे येतात, पण त्या माणसाला नुसतं थांबलं तरी आराम पडतो आणि सायकलवर त्रास होतो. तुमचं नेमकं उलट आहे, म्हणजे त्रास रक्तवाहिन्यांचा नाही, मणक्यांमधली नसांची नळी अरुंद झाल्याचा दिसतो. मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशीच संपतो. खालच्या नळीत असतो तो पाय आणि मूत्राशयाकडे जाणाऱ्या नसांचा जुडगा. वयानुसार मणक्यांमधली चकती सुकून मागे फुगते, मागचे सांधे वाढतात, आतला पट्टा जाड होतो. नळी चहूबाजूंनी आवळत जाते. पुढे झुकलं की ती किंचित मोकळी होते, ताठ उभं राहिलं की पुन्हा आवळते. हलत्या गाडीत उभं राहून हे झालं, असं मी म्हणणार नाही. वय आणि मुळातच नळी किती रुंद, यांचा वाटा मोठा.

तरुणांची चकती सरकते तो प्रकार वेगळा. तिथे बहुधा एकाच पायात कळ जाते, बसल्या-वाकल्यावर वाढते आणि बऱ्याच जणांची दोन-तीन महिन्यांत ओसरते. म्हणून पुतण्याला लागू पडलेलं भुजंगासन तुम्ही करू नका, त्यात कंबर मागे वाकते. पाठीवर झोपून गुडघे छातीशी घ्या, सायकल चालू ठेवा, चालताना काठी घ्या. तळव्यांना मुंग्या आहेत, तर साखर आणि बी-१२ही तपासा. दोष सगळा कंबरेचाच असेल असं नाही. ऑपरेशनचा विचार एमआरआयच्या कागदावरून करायचा नसतो, कारण काही न दुखणाऱ्यांच्या एमआरआयमध्येही अरुंद नळी दिसते. चालण्याचं अंतर घटत गेलं, घराबाहेर पडणं नकोसं झालं, की सर्जनला भेटा.

लघवी अडली, बैठकीची जागा बधिर झाली किंवा पाऊल उचलेनासं झालं, तर मात्र सकाळची वाट पाहू नका. त्याच रात्री मोठं रुग्णालय गाठा.