पंचेचाळीस सत्तांतरे?

विचारणा अशी आहे: पोर्तुगालच्या पहिल्या प्रजासत्ताकावरच्या एका मराठी लेखात ‘१९१० ते १९२६ या सोळा वर्षांत तिथे ४५ सत्तांतरे झाली’ असे वाक्य आले. इथे ‘सत्तांतर’ बसते का? की ‘सरकारे’ म्हणावे, की ‘मंत्रिमंडळे’? आणि ‘मंत्रिमंडळ’मधला ‘त्रि’ ऱ्हस्व की दीर्घ?

मंत्रिमंडळे म्हणावे. सत्तांतर तर नकोच. आकड्याबद्दल तक्रार नाही, ४५ हाच आकडा सहसा दिला जातो. पण ते वाक्य वाचणाऱ्याला वाटेल की सोळा वर्षांत ४५ वेळा एका पक्षाने दुसऱ्याला खुर्चीवरून खाली ओढले. तसे काही झालेले नाही.

सत्तांतर म्हणजे सत्ता एका हातातून दुसऱ्या हातात जाणे, आणि आपल्या चालू वापरात हा हात पक्षाचा किंवा आघाडीचा असतो, एकट्या माणसाचा नाही. १९८२ ते १९८८ या काळात महाराष्ट्रात अंतुले गेले, बाबासाहेब भोसले आले, मग वसंतदादा, निलंगेकर, शंकरराव चव्हाण, शरद पवार अशी रांगच लागली. त्याला कुणी सत्तांतर म्हटले नाही. ‘मुख्यमंत्री बदलला’ एवढेच म्हटले, कारण काँग्रेस जागची हलली नव्हती. १९७८ चे पुरोगामी लोकशाही दलाचे (पुलोद) सरकार किंवा १९९५ ची शिवसेना-भाजप युती यांना मात्र सत्तांतर म्हणायला कुणाची जीभ अडखळत नाही.

आता लिस्बनला जाऊ. ५ ऑक्टोबर १९१० रोजी राजेशाही गेली, राजा दुसरा मॅन्युएल देश सोडून गेला. याला सत्तांतर म्हणणेही कमीच, ती राज्यक्रांती. पुढच्या वर्षी राज्यघटना झाली आणि मंत्रिमंडळांच्या रांगेचे मूळ तिच्यात आहे. संसद बळकट, पण ती विसर्जित करण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षाला नव्हता. तो मिळाला १९१९ मध्ये. त्यामुळे संसदेत गाडे अडले की ‘चला, मतदारांकडे जाऊ’ असे म्हणायची सोयच नाही. त्याच सभागृहातून, बऱ्याचदा त्याच चेहऱ्यांतून, नवे मंत्रिमंडळ बांधायचे. आफोंसो कोस्ता तीनदा पंतप्रधान झाले, आंतोनियो मारिया द सिल्व्हा त्याहून अधिक वेळा. दोघेही डेमोक्रॅटिक पक्षाचे. जवळपास सगळ्या निवडणुका हाच पक्ष जिंकत आला. १९१८ मध्ये त्याने बहिष्कार घातला होता आणि १९२१ मध्ये लिबरल पक्ष पुढे गेला. तिथे तरी सत्तांतर म्हणता येईल ना? येईल, पण गंमत पाहा: लिबरलांचे मंत्रिमंडळ मे महिन्यात आधी सत्तेवर बसले आणि निवडणूक जुलैमध्ये झाली. वरात आधी, साखरपुडा मागून.

‘खांदेपालट’ चालेल का, असाही एक पर्याय कुणाच्या मनात येईल. मूळ अर्थाने तो शब्द सुरेख बसतो, कारण पालखी तीच राहते, भोई फक्त खांदा बदलतात. पण वर्तमानपत्रांनी तो आता एकाच पंतप्रधानाच्या हाताखालची खाती इकडची तिकडे करण्यापुरता राखून ठेवला आहे. प्रमुखच बदलला तर तो वापरू नये.

आणि ‘मंत्रिमंडळ गडगडले’ हा बातमीदारांचा लाडका प्रयोगही जपून वापरावा. जानेवारी १९२० मध्ये फर्नांदिस कोस्ता यांनी मंत्र्यांची नावे जमवली, विरोधी जमावाने असा काही दबाव आणला की त्यांनी त्याच दिवशी नाद सोडला. हे मंत्रिमंडळ गडगडायला आधी उभे तरी राहायला हवे होते. पोर्तुगालमध्ये त्याला ‘पाच मिनिटांचे सरकार’ म्हणतात. त्याच वर्षी जूनमध्ये कर्नल बाप्तिस्ता पंतप्रधानपदावर असतानाच वारले आणि रामोस प्रेतो यांच्याकडे सूत्रे गेली. १९ ऑक्टोबर १९२१ ला लष्करी उठावापुढे पंतप्रधान आंतोनियो ग्रांजो यांनी राजीनामा दिला, आणि त्याच रात्री सशस्त्र लोकांनी त्यांना पकडून ठार मारले. हा प्रकार ‘गडगडले’ या शब्दात मावत नाही. सरळ लिहावे: नुकताच राजीनामा दिलेल्या पंतप्रधानांचा खून झाला.

‘सरकार’ का नको, ते सांगतो. चूक नाही, पण मराठीत हा शब्द फार ऐसपैस आहे. सरकारी नोकर, सरकारदरबारी, सरकारजमा: यातले सरकार मंत्री बदलल्याने बदलत नाही. गोव्याचे उदाहरण इथे अगदी नेमके आहे. नव्या राजवटीचा फरक गोव्यात पडला, तो मोठाच पडला. एप्रिल १९११ च्या कायद्याने धर्मसत्ता आणि राज्यसत्ता वेगळ्या झाल्या, हिंदूंना नागरिक म्हणून बरोबरीची जागा मिळाली. पण नंतर लिस्बनमध्ये मंत्रिमंडळामागून मंत्रिमंडळ जात असताना पणजीत गव्हर्नर कोसेरो द कोस्ता १९१० पासून १९१७ पर्यंत ठाण मांडून होते. त्या काळातल्या गोव्यातल्या माणसाला ‘तुमची किती सरकारे बदलली?’ असे विचारले असते तर तो गोंधळला असता. त्याच्या लेखी पोर्तुगीज सरकार एकच.

‘राजवट’ हा शब्द मात्र हाताशी ठेवावा, दोन-तीनच जागी लागेल. १९१० ला राजवट बदलली. डिसेंबर १९१७ मध्ये सिदोनियो पाइस यांनी उठाव करून सत्ता घेतली, वर्षभराने त्यांचा खून झाला. तीही एक छोटी वेगळी राजवट. आणि २८ मे १९२६ च्या लष्करी उठावाने प्रजासत्ताकच आटोपले.

जाता जाता एक: त्या काळातल्या तिथल्या पंतप्रधानाच्या अधिकृत पदनामाचा अर्थ होतो ‘मंत्रिमंडळाचा अध्यक्ष’. त्यातला ‘प्रेझिडेंट’ पाहून काही जण त्याचा थेट राष्ट्राध्यक्ष करून टाकतात. राष्ट्राध्यक्ष वेगळा होता. पेशव्यांच्या काळापासूनचा ‘पंतप्रधान’ आपल्याकडे आयता आहे, तो वापरावा.

तेव्हा ते वाक्य मी असे लिहीन: ‘१९१० ते १९२६ या सोळा वर्षांत पोर्तुगालमध्ये ४५ मंत्रिमंडळे आली नि गेली, बहुतेक एकाच पक्षाच्या वर्चस्वाखाली.’ आणि शुद्धलेखनाचे विचारलेच आहे म्हणून: मंत्रिमंडळ, ‘त्रि’ ऱ्हस्व. सुटा लिहिताना मंत्री दीर्घ, पण मूळ शब्द मंत्रिन्, म्हणून समासात मंत्रिपद, मंत्रिगण, मंत्रिमंडळ.