4 फूट लांब, 2 फूट रुंद, 2 फूट उंच माशांच्या काचेच्या टाकीत पाण्याखालची झाडं लावायची आहेत. किती वॅटचा दिवा घ्यावा?

वॅट बघूच नका. टाकीच्या पूर्ण लांबीचा, 6500 केल्विनच्या आसपासचा (म्हणजे दिवसाच्या उजेडासारखा पांढरा), उजेड कमी-जास्त करता येणारा एलईडी घ्या आणि हिशोब ल्यूमेनमध्ये, म्हणजे दिव्यातून निघणाऱ्या उजेडाच्या मापात करा. ‘गॅलनला अमुक वॅट’ हा नियम ट्यूबलाइटच्या जमान्यातला. तेवढ्याच वॅटमध्ये एलईडी कितीतरी जास्त उजेड देतो. तुमच्या टाकीत सुमारे 430 लिटर पाणी मावतं. लिटरला 20 ते 30 ल्यूमेन धरले तर साधारण 9 ते 13 हजार ल्यूमेन लागतील. हा झाला मध्यम उजेड. रुंदी 2 फूट आहे, तेव्हा एकच पट्टी मधोमध टांगण्यापेक्षा दोन समांतर लावा, नाहीतर पुढच्या काचेलगतची झाडं लांबट, विरळ पानांची होतात. पाण्याच्या खोलीमुळे तळाशी उजेड बराच कमी पोचतो, हेही धरून चाला.

मात्र झाडांसाठी पाण्यात कार्बन डायऑक्साइड सोडणार नसाल तर एवढा उजेड शेवाळालाच पोसतो (काच पुसून पुसून कंटाळाल). मग दिवा निम्म्यावर आणा, टायमर 6 तासांचा लावा आणि अनुबियास, जावा फर्न अशा कमी उजेडातल्या झाडांवर भागवा.