दिवसभर राबूनही काहीच का होत नाही?

"मॅडम, दिवसभर पाठ टेकत नाही, तरी रात्री अंथरुणावर पडलं की वाटतं, आज काहीच झालं नाही. मी आळशी आहे का हो?"

हा प्रश्न मला माझ्याकडे सल्ल्यासाठी आलेल्या बँकेतल्या अधिकाऱ्याने विचारला आहे, पीएचडी करणाऱ्या मुलाने विचारला आहे, दोन लहान मुलांच्या आईने तर रडत विचारला आहे. प्रत्येकाच्या हातात एखादी वही असते, फोनमध्ये कामांची नोंद ठेवणारं अ‍ॅप असतं आणि ते पाळता आलं नाही याची लाज असते. ती लाज आधी उतरवावी लागते, वेळापत्रक नंतर. कसं, ते एका ताईंच्या अनुभवातून सांगते. त्यांनी लिहायला परवानगी दिली आहे आणि ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.

ताई राहायला बदलापूरला, नोकरी ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या कंपनीत, अकाउंट्सला. नवऱ्याची नोकरी शिफ्टची, मुलगा आठवीत, सासूबाईंना गुडघ्यांमुळे फार वेळ उभं राहता येत नाही. पहाटे उठणारी माणसंच यशस्वी होतात असं एका व्हिडिओत ऐकून त्यांनी साडेचारचा गजर लावायला सुरुवात केली होती. तो वेळ व्यायाम आणि वाचनासाठी ठेवलेला. प्रत्यक्षात त्या वेळात इस्त्री व्हायची, कपाट आवरलं जायचं. झोपायला मात्र रोजचेच साडेअकरा.

म्हणजे पाच तास झोप. अमेरिकेतल्या निद्रातज्ज्ञांच्या दोन संस्थांनी २०१५ साली एकत्र येऊन प्रौढ माणसाला नियमित किमान ७ तास झोप हवी असं सांगितलं आहे. मी ताईंना म्हटलं, तो गजर आजपासून बंद. त्या दचकल्या. त्यांना माझ्याकडून आणखी कडक वेळापत्रक हवं होतं.

बोलता बोलता त्या म्हणाल्या की ठाणे स्टेशनचा जिना चढताना धाप लागते. मी त्यांना फॅमिली डॉक्टरांकडे जाऊन हिमोग्लोबिन आणि थायरॉईड तपासून घ्यायला सांगितलं. हिमोग्लोबिन नऊच्या आसपास निघालं, डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार आपल्या देशात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. कामाचा उरक कमी झाल्याची तक्रार घेऊन आलेल्या बाईची झोप आणि रक्त न विचारता तिच्या हातात वेळेच्या नियोजनाचा तक्ता देणं मला अन्यायाचं वाटतं.

पुढच्या भेटीपर्यंत त्यांना एकच काम दिलं होतं. काहीही बदलायचं नाही, फक्त लिहायचं. काय करायचं होतं ते नको. किती वाजता काय केलं आणि मध्येच कोणी उठवलं, एवढंच. एका आठवड्याची ती नोंद त्यांनी माझ्यासमोर ठेवली आणि स्वतःच म्हणाल्या, "मॅडम, मी एंट्री करायला बसते आणि एंट्री सोडून सगळं करते."

नोंद अगदी स्पष्ट होती. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये बिलं चढवायला घेतली की सेल्सवाला विचारायला यायचा, माझं व्हाउचर पास झालं का? परत बसेपर्यंत साहेबांचा फोन, अमुक पार्टीचं लेजर पाठवा. ते पाठवेपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर मुलाच्या शाळेचा निरोप. दर वेळी परत आल्यावर कुठलं बिल झालं, कुठलं राहिलं हे शोधण्यातच वेळ जायचा. सोफी लेरॉय या संशोधिकेने २००९ मध्ये दाखवलं की अर्धवट काम सोडून दुसऱ्याकडे वळलं की मनाचा काही भाग मागच्या कामातच रेंगाळतो आणि पुढचं काम त्यामुळे कच्चं होतं. यावर तिने आणि थेरेसा ग्लोम्बने २०१८ मध्ये सुचवलेला उपाय अगदी साधा आहे: उठण्यापूर्वी, कुठे थांबलो आणि परत आल्यावर काय करायचं हे थोडक्यात लिहून ठेवायचं. ताईंनी कीबोर्डशेजारी चिठ्ठ्यांचा गठ्ठा ठेवला. "बिल ४१७ झालं, ४१८ चा टीडीएस बघायचा." एवढं लिहायचं आणि मग मान वर करायची. समोरचा तेवढा वेळ थांबतो, हे त्यांना करून पाहिल्यावरच पटलं. व्हाउचरची चौकशी रोज चारनंतर, असं त्यांनी सेल्सच्या मंडळींना सांगितलं. काहींनी ऐकलं. काही अजूनही येतात.

नोंदीतून दुसरी गोष्ट कळली ती अंदाजाची. जीएसटीच्या टू-बीशी, म्हणजे पोर्टलवर दर महिन्याला येणाऱ्या खरेदीच्या यादीशी, आपली खरेदीची बिलं जुळवायला ताई मनात दोन तास धरायच्या. नोंदीत साडेचार दिसले. त्या हिरमुसल्या, पण लागणारा वेळ कमी धरणं हा माणसाच्या मनाचा जुना स्वभाव आहे. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन आणि अमोस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्येच त्याची मांडणी केली होती. १९९४ च्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना विचारलं होतं की तुमचा प्रबंध किती दिवसांत होईल. सरासरी अंदाज ३४ दिवसांचा आला आणि लागले ५५. अंदाज चुकतो कारण आपण काम सुरळीत पार पडेल असं चित्र डोळ्यांसमोर आणतो. त्यात पोर्टल बंद पडत नाही, कुणाचं बिल हरवत नाही. म्हणून मी सांगते, मागच्या वेळी खरोखर किती वेळ लागला तोच आकडा धरा, मन काहीही म्हणो.

मग आम्ही त्यांच्या महिन्याकडे पाहिलं. अकाउंट्सच्या महिन्याला ठरलेले चढउतार असतात. ७ तारखेपर्यंत टीडीएस भरायचा, ११ पर्यंत जीएसटीआर-१ हे विक्रीचं विवरणपत्र, १४ ला टू-बी येतं, २० पर्यंत ३-बी, म्हणजे कर भरण्याचं विवरणपत्र. हे ताईंना झोपेतही सांगता येत होतं. तरीही त्यांची यादी महिन्याचे सगळे दिवस सारखेच धरून चालायची. १९ तारखेलाही त्यात "पडदे धुणे" असायचं, आणि ते झालं नाही म्हणून त्या स्वतःला बोल लावायच्या. आता १४ ते २० या दिवसांत घरचं जास्तीचं काहीच ठरवायचं नाही, हे आम्ही कॅलेंडरवरच लिहून टाकलं. पडदे, बँक, दातांचा डॉक्टर, सगळं २२ नंतर.

साहेबांशी बोलणं त्यांना सर्वांत जड गेलं. साहेब वाईट नाहीत, पण "जरा हे बघा ना" म्हणताना हातातलं काम किती आहे हे त्यांना दिसत नाही. मी ताईंना एक वाक्य दिलं: "सर, २० पर्यंत ३-बी जायला हवं. हे आज घेतलं तर टू-बीचं जुळवणं उद्यावर जाईल. कोणतं आधी करू?" यात नकार नाही आणि निर्णय ज्याचा आहे त्याच्याकडे जातो. माझ्या खोलीत मी साहेब झाले आणि आम्ही सराव केला. पहिल्यांदा त्या "सॉरी सर" म्हणून सुरुवात करत आणि वाक्याच्या शेवटी "चालेल, करते मी" म्हणून मोकळ्या होत. ते दोन्ही गळून पडायला बराच वेळ लागला. ऑफिसात पहिल्यांदा बोलल्या तेव्हा साहेब म्हणाले, "मग ३-बी आधी करा." कधी कधी साहेब "दोन्ही करा" असंही म्हणतात. त्या दिवशी ताई काय उशिरा होईल ते मेलवर लिहून पाठवतात, भांडण न करता.

त्यांच्या यादीतली एक नोंद मला आठवते. नुसतं "पीएफ". कितीतरी महिने तो शब्द एका पानावरून दुसऱ्या पानावर उतरवला जात होता. विचारलं तेव्हा कळलं, आधीच्या कंपनीतला पीएफ आताच्या खात्यात आणायचा होता, पण यूएएनचा, म्हणजे पीएफच्या खाते क्रमांकाचा, पासवर्ड विसरला होता आणि जुना मोबाइल नंबर बंद होता. म्हणजे "पीएफ" हे एक काम नव्हतंच. त्यात निदान चार कामं होती आणि पहिलं होतं, आताच्या ऑफिसमधल्या एचआरला विचारणं की नंबर बदलायला कोणती कागदपत्रं लागतील. मी म्हटलं, हे कधी विचाराल? "बघते" नको. त्यांनी लिहिलं: "सोमवारी डबा खाऊन झाला की एचआरच्या टेबलाशी जायचं." अमुक झालं की तमुक करायचं, असं आधीच बांधून ठेवलं तर काम पार पडण्याची शक्यता वाढते, हे मानसशास्त्रज्ञ पीटर गोलवित्झर यांनी १९९९ मध्ये मांडलं. आणि मॅसिकॅम्पो आणि बाउमायस्टर यांच्या २०११ च्या प्रयोगांत दिसलं की अपुऱ्या कामाची नेमकी योजना ठरली की ते काम पुरं झालेलं नसतानाही मनात घोळायचं कमी होतं. रात्री अंथरुणावर ताईंच्या डोक्यात जे फिरायचं, त्यातलं बरंचसं असंच होतं.

बरंचसं, पण सगळं नाही. गॅस सिलिंडरचं बुकिंग, वीजबिल, दुधाचा हिशेब, क्लासची फी, सासूबाईंची औषधं संपण्याचा दिवस, हे सगळं एकट्या ताईंच्या डोक्यात होतं. म्हणून पुढच्या भेटीला नवऱ्याला सोबत आणायला सांगितलं. माणूस समंजस. म्हणाला, "ती सांगत नाही हो. सांगितलं तर मी काहीही करतो." हे वाक्य मी अनेक भल्या नवऱ्यांकडून ऐकलं आहे. मी त्यांना म्हटलं, लक्षात ठेवणं आणि सांगणं हेही कामच आहे, आणि ते अजून यांच्याकडेच आहे. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात स्वतःच्या घरचं बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रियांची त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात, पुरुषांची ८८. आठवण ठेवण्याचं ओझं अशा मिनिटांत नीट मोजलंही जात नाही. आम्ही मदत हा विषयच बाजूला ठेवला आणि कामं मुळापासून वाटली. औषधं, सिलिंडर, वीजबिल आणि क्लास नवऱ्याकडे, आठवणीसकट. ताईंनी विचारायचं नाही, सुचवायचं नाही, मागून तपासायचं नाही. शेवटची अट त्यांना फार कठीण गेली. मुलाने स्वतःचा डबा घासायचा आणि रात्री दप्तर भरायचं ठरलं. एकदा सिलिंडर संपल्यावर लक्षात आलं आणि दोन दिवस इंडक्शनवर काढावे लागले. ताईंनी फोन उचलून बुकिंग केलं नाही, याचं मला मनापासून कौतुक वाटलं.

आता ताई साडेपाचला उठतात. २० तारखेच्या आसपास घरी यायला उशीर होतोच. यादी रोज पुरी होत नाही; त्या रोजची तीन महत्त्वाची कामं ठरवतात आणि बाकीच्यांना तारीख देतात किंवा सरळ खोडतात. पीएफ आला.

तुमचीही अवस्था अशीच असेल, तर नवं अ‍ॅप घेण्याआधी एक आठवडा फक्त नोंद ठेवा आणि त्यात कोणाची कामं तुमच्याकडे आली आहेत ते पाहा. मात्र दोन आठवड्यांहून जास्त काळ मन उदास असेल, आवडत्या गोष्टीही नकोशा झाल्या असतील, झोप किंवा भूक बिघडली असेल, जगणं नको वाटत असेल, तर हा उरकाचा प्रश्न नाही. मग नोंद वगैरे करत थांबू नका. मानसोपचारतज्ज्ञांना भेटा, किंवा सरकारच्या टेली-मानस सेवेला १४४१६ वर फोन करा. तो नंबर चोवीस तास सुरू असतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.