वाचकांचे प्रश्न : कोर्टाच्या दप्तरातील घराणे

प्रश्न : आमचे घराणे गुहागर तालुक्यातील एका गावात खोतीचे (गावचा सारा वसूल करण्याच्या वंशपरंपरागत हक्काचे) वाटेकरी होते. पणजोबा आणि त्यांचे चुलतभाऊ यांच्यात १८९० च्या सुमारास तक्षिमेवरून, म्हणजे खोतीतील वाट्यावरून, दावा लागला आणि तो रत्नागिरीहून पुढे मुंबईपर्यंत गेला, असे घरात सांगतात. सध्या आम्ही कुलवृत्तांताचे काम हाती घेतले आहे. त्या दाव्याचे कागद आज मिळतील का, आणि त्यांतील वंशावळ जशीच्या तशी छापावी का?

उत्तर : काही कागद मिळण्याची शक्यता चांगली आहे, सगळे मिळतील अशी अपेक्षा मात्र ठेवू नये. १९१७ च्या कायद्याने न्यायालयांना मुदत संपलेली कागदपत्रे नष्ट करण्याची मुभा दिली, त्यामुळे समन्स, तहकुबीचे अर्ज, भत्त्याच्या पावत्या असे किरकोळ कागद बहुधा केव्हाच गेलेले असतात. निकालपत्र आणि हुकूमनामा (डिक्री) टिकून राहण्याची आशा सर्वांत अधिक असते.

शोधाची सुरुवात शेवटच्या टप्प्यापासून करावी, असे मी सुचवीन. मूळ दावा सबजज्जाच्या (दुय्यम न्यायाधीशाच्या) कोर्टात, पहिले अपील जिल्हा न्यायालयात आणि दुसरे अपील मुंबई उच्च न्यायालयात अशी त्या काळची वाट होती, आणि प्रत्येक ठिकाणी प्रकरणाला निराळा क्रमांक पडत असे. म्हणून आधी एखाद्या विधी ग्रंथालयात जाऊन १८७६ पासून निघालेली ‘इंडियन लॉ रिपोर्ट्स’ची मुंबई मालिका चाळावी. १८८० च्या खोती कायद्यानंतर खोतीचे प्रश्न वरिष्ठ न्यायालयापुढे वारंवार गेले आणि त्यांतील बरेच निकाल तेथे छापलेले आहेत. छापील निकाल सापडला, तर अपिलाचा क्रमांक व खालच्या न्यायालयाचा उल्लेख त्याच पानावर मिळतो, आणि पुढचे काम पुष्कळ सोपे होते.

निकाल छापलेला नसेल, तर जिल्हा न्यायालयाच्या अभिलेख कक्षातील रजिस्टरे वर्षवार पाहण्यावाचून इलाज नाही. तेथे आडनावावर विसंबू नये. पक्षकाराची नोंद स्वतःचे नाव आणि बापाचे नाव अशी असे, मध्ये ‘बिन’ किंवा ‘वलद’ येई, विवाहित स्त्रीच्या नावापुढे ‘कोम’ लिहून नवऱ्याचे नाव देत, आणि आडनाव कित्येकदा गाळलेलेच असे. तेव्हा पणजोबा, त्यांचे वडील आणि ते चुलतभाऊ यांची पाळण्यातली व व्यवहारातली नावे, तसेच गावाचे नाव, आधी टिपून घेऊन जावे. आजचा तालुका आणि त्या वेळच्या सबजज्जाची हद्द एकच होती असेही धरून चालू नये. दाव्यांच्या रजिस्टराइतकेच किरकोळ अर्जांचे रजिस्टरही पाहावे, ज्याकडे बहुतेक शोधकांचे लक्ष जात नाही. १८२७ च्या आठव्या रेग्युलेशनखाली मागितलेले वारस दाखले आणि अज्ञान मुलांच्या पालनकर्त्याच्या नेमणुकीचे अर्ज असे प्रकार त्यात येतात, आणि कोण केव्हा वारला, मागे मुले किती व त्यांची वये काय, हे या अर्जांत दाव्यापेक्षा स्पष्टपणे लिहिलेले असते.

आता वंशावळीविषयी. ती जशीच्या तशी छापू नये, असे माझे मत आहे. दाव्याला जोडलेली वंशावळ म्हणजे ती देणाऱ्या पक्षकाराची बाजू होय. एखादी शाखा निपुत्रिक दाखवली की आपला वाटा वाढतो, हे त्याला पक्के ठाऊक असते. तिच्याशेजारी प्रतिवादीची कैफियत (दाव्याला दिलेले लेखी उत्तर) ठेवावी, आणि मग निकालपत्रात कोर्टाने काढलेले मुद्दे व त्यांवरील निष्कर्ष पाहावेत. ज्या नात्याबद्दल मुद्दा निघाला, त्याचाच कोर्टाने पुरावा तपासलेला असतो. दोन्ही पक्षांनी मान्य केलेली नाती साधारणपणे भरवशाची असली, तरी तिसऱ्या एखाद्या शाखेला बाजूला ठेवण्यात दोघांचाही फायदा असेल, तर ते गप्प बसलेले असू शकतात.

येथे खोतीच्या दाव्यांचा एक मोठा उपयोग होतो. तक्षीम आणे-पैत लिहिलेली असल्यामुळे वंशावळ हिशेबाने पडताळता येते. सोळा आण्यांची खोती, मूळ पुरुषास चार मुलगे, तर प्रत्येकाकडे चार आणे; त्यांतील एकास तीन मुलगे, तर त्यांच्याकडे प्रत्येकी एक आणा चार पै. अशा घराण्यात एखाद्या शाखेच्या नावावर पाच आणे चार पै दिसले, तर वाटप चौघांत झालेले नसून तिघांत झाले, हे उघड आहे. म्हणजे चौथा निःसंतान वारला, दुसऱ्या घरात दत्तक गेला किंवा त्याने आपला वाटा भावांना दिला. यांपैकी नेमके काय घडले, ते पुढे शोधता येते. १८८० च्या कायद्याखाली तयार झालेले बोटखत (गावच्या खोतांची व जमीन कसणाऱ्या कुळांची नोंदवही) उपलब्ध असल्यास त्यातील नावेही याच हिशेबाशी ताडून पाहावीत.

वंशावळीपेक्षा मला साक्षीदारांच्या जबान्या अधिक मोलाच्या वाटतात. भाऊबंदांच्या भांडणात कुळे साक्षीला येत, आणि कोणते ठिकाण किती वर्षे कसले, अर्धेलीने की तिर्धेलीने (खोताला पिकाचा अर्धा की तिसरा हिस्सा देऊन), भात किती आणि नाचणी-वरी किती, माप कोण न्यायला येई, हे ती सांगत. ज्यांनी स्वतः एक ओळही लिहिली नाही, अशा माणसांचे बोलणे दुसरीकडे क्वचितच सापडते. विधवांनी लावलेल्या अन्नवस्त्राच्या दाव्यांचेही तेच आहे: कुलवृत्तांतात जिचे नावसुद्धा नसते, अशा बाईला वर्षाला किती भात आणि राहायला घराचा कोणता भाग मिळाला, हे हुकूमनाम्यात नोंदलेले असते. असे तपशील लाजेखातर गाळू नयेत, असे मला वाटते. निर्णय अर्थातच आपल्या कुलमंडळाचा.

जाता जाता एक सूचना. दाव्यात हजर केलेल्या सनदा आणि खरेदीखते काम संपल्यावर पक्षकार अर्ज करून परत नेत. त्यामुळे निशाणी क्रमांकांच्या (पुराव्यात दाखल कागदांच्या) यादीत कागद दिसतो आणि दप्तरात मात्र नसतो. यादीत तो कोणी हजर केला हेही लिहिलेले असते, तेव्हा तो आज आपल्या प्रतिवादींच्या वंशजांच्या पेटीत असण्याचा संभव आहे.

प्रश्न : आमचे मूळ घर कुडाळजवळचे, आजोळ वेंगुर्ल्याचे. दोन्ही घराण्यांचे जुने दावे रत्नागिरीस मिळतील का?

उत्तर : आजोळचे मिळू शकतील, मूळ घराचे तेथे शोधण्यात अर्थ नाही. वेंगुर्ले ब्रिटिश मुलखात होते, तर कुडाळ सावंतवाडी संस्थानात. संस्थानी न्यायालयांवर मुंबई उच्च न्यायालयाचा अधिकार चालत नसल्यामुळे तेथील निवाडे मुंबईच्या छापील निकालांत शोधून उपयोग नाही. मात्र १८३८ पासून संस्थानाचा कारभार ब्रिटिशांच्या देखरेखीखाली गेला, त्यामुळे निवाड्याने नाराज झालेल्या लोकांचे अर्ज पोलिटिकल खात्याच्या दप्तरात शिरले. ते दप्तर मुंबईच्या पुराभिलेखागारात आहे आणि त्यातील कागद संस्थानवार शोधता येतात. १९४८ मध्ये संस्थान विलीन होऊन रत्नागिरी जिल्ह्यात आले आणि १९८१ मध्ये सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला, म्हणून विलीनीकरणानंतरच्या प्रकरणांसाठी रत्नागिरी व ओरोस (सिंधुदुर्ग जिल्ह्याचे मुख्यालय) दोन्हीकडे चौकशी करावी. संस्थानी न्यायालयांविषयी वर सांगितले ते श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड येथील वाचकांनाही लागू आहे, कारण ती गावे जंजिरा संस्थानात होती. आपल्या घराण्याचे संबंध पेडण्याकडे असतील, तर १७८८ मध्ये तो मुलूख पोर्तुगिजांकडे गेल्यामुळे नंतरचे कागद पणजीच्या पुराभिलेखागारात पाहावे लागतील.

या कागदांत मोडी फार आहे. मुंबई सरकारने १९१७ मध्ये कारभारासाठी बालबोध लिपीचा स्वीकार केला, तरी जुनी सवय लगेच सुटली नाही. दाव्यात पुरावा म्हणून दिलेल्या पेशवाईतील कागदांवर सुहूर सन (त्या वेळच्या कारभारातील वर्षगणना) असतो आणि तोही अरबी संख्यावाचकांनी लिहिलेला असतो. ‘सबैन मया व अलफ’ म्हणजे ११७०. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १७६९ येते, आणि सुहूर सन मृगाला बदलत असल्याने जानेवारीपासून मृगापर्यंतच्या तारखेसाठी ६०० मिळवावे लागतात. शकात ७८ आणि फसलीत ५९० मिळवण्याचा ठोकताळा वापरताना हीच खबरदारी घ्यावी.

प्रश्न : जुना हुकूमनामा सापडल्यास त्यावरून खोतीची जमीन परत मागता येईल का?

उत्तर : नाही. खोतीचा हक्क १९४९ च्या खोती निर्मूलन कायद्याने संपला, आणि शंभर वर्षांपूर्वीच्या हुकूमनाम्याची बजावणी मागण्याची मुदतही कधीच उलटून गेली आहे. जुन्या कागदांची नक्कल मागण्याच्या अर्जात कारण लिहावे लागते, तेथे घराण्याच्या इतिहासाचा अभ्यास असेच लिहावे आणि पक्षकाराशी आपले नाते काय, तेही एका ओळीत नमूद करावे.