रॉब स्टार्कने लग्नाचा शब्द पाळला असता तर वाचला असता का?

प्रश्न असा आहे की गेम ऑफ थ्रोन्समधला उत्तरेचा तरुण राजा रॉब स्टार्क, त्याने सरदार वॉल्डर फ्रेच्या मुलीशी ठरल्याप्रमाणे लग्न केलं असतं तर तो जगला असता का, आणि एपिक फँटसीमधे ही कोवळी वारसदार पोरंच कायम का मरतात, लेखकांना त्यात काय मजा येते.

आधीच सांगतो, खाली जॉर्ज मार्टिनची पुस्तकं आणि त्यावरची सिरीज दोन्हीतलं सगळं फोडलंय. ज्यांचं व्हायचंय त्यांनी इथूनच मागे फिरा.

जून २०१३. हॉस्टेलच्या रूमवर आम्ही सहा जण एका लॅपटॉपसमोर, एपिसोड कुठून आला ते विचारू नका. रूममेटची पुस्तकं वाचून झालेली, त्याने एपिसोड सुरू व्हायच्या आधीच मोबाइल शेल्फवरच्या डब्याला टेकवून ठेवला होता, कॅमेरा आमच्याकडे. मला वाटलं सहज ठेवलाय. तो व्हिडिओ अजून दर जूनला आमच्या ग्रुपवर फिरतो, त्यात मी शेवटची पाच मिनिटं पारले-जी हातात धरून पुतळ्यासारखा बसलोय आणि बिस्किटाचा भिजलेला अर्धा भाग कधी चहात पडला ते मला कळलेलंच नाही. रेड वेडिंग, म्हणजे फ्रेच्या घरच्या लग्नात रॉब, त्याची आई कॅटलिन आणि त्यांची माणसं कापली जातात तो एपिसोड.

त्यानंतर पुस्तकं वाचली आणि मत बदललं. सिरीज बघून सगळे म्हणतात पोरगा प्रेमात आंधळा झाला आणि मेला. तुमचा प्रश्नही त्यातूनच आलाय. पण पुस्तकात ती तलिसा, सिरीजमधली त्याची बायको, नाहीच. पुस्तकात रॉब क्रॅग नावाचा किल्ला घेताना जखमी होतो, अंथरुणावर पडलेला असताना बातमी येते की थिऑनने स्टार्कांचं घर विंटरफेल घेतलं आणि रॉबचे धाकटे भाऊ ब्रॅन, रिकन दोघंही मारले गेले, त्या रात्री त्या घरची जेन वेस्टरलिंग त्याची शुश्रूषा करत असते आणि पुढे जे व्हायचं ते होतं, आणि सकाळी हा बापाच्या संस्कारातला पोरगा म्हणतो की आता मुलीची अब्रू राखायची तर लग्न केलं पाहिजे. याला लव्ह मॅरेज म्हणायचं? सुतकातलं लग्न आहे ते. कथा सुरू होते तेव्हा हा चौदा वर्षांचा असतो आणि मरतो तेव्हा सोळा, सिरीजने वय वाढवलं म्हणून आपल्याला तो समजता उमजता वाटतो.

बरं, लग्न केलं नसतं तर? माझं मत, थोडे दिवस जास्त जगला असता, बस. कारण वॉल्डर फ्रे एकटा नव्हता. रॉबच्या सरदारांपैकी रूस बोल्टनने रॉबच्याच नावाने ग्लोव्हर आणि टॉलहार्टची माणसं डस्कनडेलला पाठवून कापायला लावली होती, म्हणजे जे खरोखर रॉबचे होते त्यांनाच आधी कमी केलं. वॉल्डर फ्रेने बोल्टनला सांगितलं होतं की माझ्याकडची कुठलीही मुलगी कर, तिच्या वजनाइतकी चांदी हुंड्यात देतो, तर या गृहस्थाने सगळ्यात जाड मुलगी निवडली. अशा माणसाने नीट हिशोब मांडलेला असतो. लग्न मोडल्याचा अपमान फ्रेला हवाच होता, लोकांना सांगायला कारण मिळालं.

आमचे आजोबा गेले तेव्हाची आत्याची एक गोष्ट डोक्यात बसलीय. दहाव्याला एक लांबचे नातेवाईक इतके रडले की लोक त्यांनाच पाणी देत होते. आत्या मला हळूच म्हणाली, रडणं बघू नकोस रे, तलाठ्याकडे पहिला कोण जातो ते बघ. पुढे वारस लावायचे होते, फेरफार व्हायचा होता, तेव्हा तेच गृहस्थ आमच्या आधी हजर. तेव्हापासून मी फँटसीतलं प्रत्येक पोर मेलं की एवढंच बघतो, सातबारा कोणाच्या नावावर झाला. लावून बघा. रॉब गेला, बोल्टन वॉर्डन ऑफ द नॉर्थ, म्हणजे उत्तरेचा मुख्य, झाला. रॉबच्या आजोळचा रिव्हररन किल्ला एमन फ्रेला मिळाला, आणि एमनची बायको कोण, तर रॉबचा शत्रू टायविन लॅनिस्टरची सख्खी बहीण. हे सगळं काय त्या एका रात्रीत रागाच्या भरात ठरलं का?

आणि गंमत म्हणजे रॉबला हे कळत होतं. लग्नाला जाताना वाटेत तो मृत्युपत्र करतो. सोळा वर्षांचा पोरगा. कारण काय, तर दोन्ही भाऊ गेले असं त्याला वाटतंय, बहीण सान्साचं लग्न टिरियन लॅनिस्टरशी लावून दिलंय, मग मी मेलो तर विंटरफेल लॅनिस्टरांच्या घरात जाईल. त्याला बापाचा अनौरस मुलगा म्हणून वाढलेल्या जॉन स्नोला वारस करायचंय, आई कडाडून विरोध करते, कुठल्या तरी लांबच्या चुलत्यांची नावं सुचवते, हा ऐकत नाही. सरदार साक्षीदार म्हणून मोहोरा लावतात. लोक हा प्रसंग वाचताना पटापट पुढे जातात कारण मारामारी नाही, मला तर सगळ्यात जास्त भीती तिथेच वाटली. लढाईत एकदाही न हरलेल्या राजाला ठाऊक आहे की आपण मेल्यावर कागदावर काय होणार.

काही जण रॉबला आपल्या अभिमन्यूच्या पंक्तीत बसवतात. मला पटत नाही. अभिमन्यूने आत जाण्याआधी युधिष्ठिराला स्पष्ट सांगितलं होतं की बाहेर यायचं मला येत नाही. रॉब आत गेला तेव्हा त्याच्यासाठी तो चक्रव्यूह नव्हताच, मामाचं लग्न होतं. त्याचा लांडगा ग्रे विंड दारातच फ्रे मंडळींवर धावून गेला होता, त्याला बाहेर बांधून ठेवलं. आईने मुद्दाम भाकर आणि मीठ मागून खायला लावलं, म्हणजे यजमानाला हात उचलता येणार नाही. वाजवणारे इतके बेसूर होते की कॅटलिनला डोकेदुखी व्हायची वेळ आली, आणि ते बेसूर होते कारण त्यातले बरेच वादक नव्हतेच, धनुर्धारी होते. मग ती एडविन फ्रेचा दंड धरते आणि रेशमी बाहीखाली बोटांना लोखंडी कड्या लागतात, आत चिलखत. सिरीजमधे ही बाही बोल्टनची केलीय, तिथेही अंगावर काटा येतो, पण पुस्तकात जास्त येतो कारण एका बाईला हाताच्या स्पर्शाने कळतंय की आपलं पोर आता गेलं.

मार्टिनने हे हवेतून काढलेलं नाही, त्याने स्वतः सांगितलंय की स्कॉटलंडच्या इतिहासातून घेतलं. २४ नोव्हेंबर १४४०, एडिंबरा किल्ला, डग्लस घराण्याचा सहावा अर्ल विल्यम, वय साधारण सोळाच, त्याला आणि त्याच्या धाकट्या भावाला राजाच्या पंगतीला बोलावलं. राजा कोण, तर दहा वर्षांचा जेम्स दुसरा. दंतकथा अशी की ताटात काळ्या बैलाचं मुंडकं आणून ठेवलं, ते मृत्यूचं चिन्ह, मग दोघा भावांवर खोटा खटला आणि शिरच्छेद. बैल खरा की खोटा सोडा, सातबारा बघा: अर्लपद गेलं पोरांच्या आजोबांच्या भावाकडे, जेम्स द ग्रॉस. स्वतःच्याच घरात. याला ब्लॅक डिनर म्हणतात.

मग वाचतं कोण? याचं उत्तर मला लॉर्ड ऑफ द रिंग्जच्या टोल्किनकडे सापडलं. इसिल्डूर राजा ग्लॅडन फील्ड्सला मेला तेव्हा त्याची तीन मोठी मुलं त्याच्याबरोबर मेली, चौथा अगदी लहान होता म्हणून एल्रॉन्डच्या घरी रिव्हेंडेलला ठेवलेला, तो वाचला आणि वंश चालला. शेकडो पिढ्या नाही पण बऱ्याच पिढ्यांनंतर त्याच वंशात ॲरागॉर्न. तो दोन वर्षांचा असताना बाप ऑर्कच्या बाणाने गेला, एल्रॉन्डने त्याला आणून वाढवलं आणि पहिलं काम काय केलं तर नाव बदललं. एस्टेल. वीस वर्षांचा होईपर्यंत त्या पोराला स्वतःलाच माहीत नव्हतं की आपण कोण. तलवार नंतर, आधी नाव लपवलं.

मार्टिनकडेही तेच चालतं. जॉन स्नो हा बास्टर्ड म्हणून टोमणे खात मोठा झाला, त्या एका शिवीने त्याला जिवंत ठेवलं. शेवटच्या सीझनमधे खरं नाव कळल्यावर, म्हणजे तो राजवंशातला निघाल्यावर, गादीवर दावा सांगणारी डनेरिस त्याला हात जोडल्यासारखं विनवते की कोणाला सांगू नकोस, लोक तिला वेडी म्हणतात, पण त्या सीनमधे ती एकटीच अक्कल असलेली होती. पाचव्या पुस्तकात यंग ग्रिफ नावाचा निळे केस रंगवलेला पोरगा आहे, सिरीजमधे त्याला उडवलाच. दरबारातला हेर व्हॅरिस, त्याचं म्हणणं हा मेलेल्या राजपुत्र रेगारचा मुलगा एगॉन, लहानपणी बदलून आणला. इकडे इंग्लंडमधे १४८३ ला बारा वर्षांचा एडवर्ड पाचवा आणि नऊ वर्षांचा त्याचा भाऊ लंडन टॉवरमधे गेले ते परत दिसले नाहीत, सत्ता काकाकडे, आणि पुढे पर्किन वॉरबेक नावाचा एक जण तो धाकटा मीच म्हणून उभा राहिला, १४९९ ला त्याला फाशी दिलं. ग्रिफने आता खरं नाव जाहीर करून सैन्य उतरवलंय. त्याचं काय होणार ते सांगायला मार्टिनची गरज नाही.

आता एक गोष्ट जी मला कायम टोचते. व्हॅरिसचं खरं मानलं तर एगॉन म्हणून भिंतीवर आपटून मारलेलं ते बाळ कोणाचं होतं? कातडी कमावणाऱ्या एका माणसाचं, आणि त्याला बदल्यात भारीतली वाइन दिली. थिऑनने ब्रॅन आणि रिकन म्हणून जी दोन डांबर फासलेली मुंडकी टांगली ती गिरणीवाल्याच्या मुलांची. वारसाचं नाव इतकं वाईट की दुसऱ्याच्या पोराला चिकटवलं तरी ते पोर मरतं. त्यांच्यासाठी इथे कधी कोणी प्रश्न टाकत नाही. पानिपतच्या त्या पत्रात नाही का, दोन मोती गळाले, मोहरा गेल्या आणि खुर्दा किती गेला त्याची गणतीच नाही. विश्वासराव सगळ्यांना पाठ, खुर्द्यातलं एक नाव सांगा.

त्याच जगातल्या हाउस ऑफ द ड्रॅगन या सिरीजमधे राजपुत्र ल्युसेरिस ढगात मरतो ना, ते अख्खं भांडण इंग्लंडच्या ॲनार्की नावाच्या गादीसाठीच्या यादवीवरून घेतलंय, आणि त्याची सुरुवात एका बुडालेल्या जहाजाने होते. २५ नोव्हेंबर ११२०, व्हाइट शिप, फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ रात्री खडकावर आदळलं, सगळे प्यायलेले. राजा हेन्री पहिला याचा एकुलता औरस मुलगा विल्यम, सतरा वर्षांचा, छोट्या होडीत बसून सुटला होता म्हणतात, पण सावत्र बहिणीची हाक ऐकून माघारी वळला आणि बुडणाऱ्यांनी होडीवर उड्या टाकल्या. सुमारे तीनशे माणसं गेली. वाचला एक, रुआँचा कसाई. आणि बखरकार सांगतात की स्टीफन नावाचा राजाचा भाचा जहाज सुटायच्या आधी जुलाब होतायत म्हणून उतरून गेला होता. ११३५ ला हेन्रीच्या मुलीला डावलून गादीवर बसला तो हाच. पण त्यालाही पचलं नाही, त्याचा वारस युस्टेस ११५३ ला अचानक गेला, जेवताना घास अडकून म्हणतात, आणि गादी शेवटी त्याच डावललेल्या मुलीच्या पोराकडे गेली. मार्टिनने पोरवयातला राजा जॉफ्री याचं मरण या युस्टेसवरून घेतलं. जॉफ्रीसाठी कोणी रडलं नाही ते ठीक आहे, पण तोही तेरा वर्षांचाच होता हो.

म्हणून तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर: नाही. सरदारांनी गुडघे टेकून किंग इन द नॉर्थ म्हणून ओरडायला सुरुवात केली तो सीन बघताना आपण सगळे शिट्ट्या मारतो, मी पण मारलेल्या, पण पोरगा तिथेच गेला.

राहता राहिला रिकन. सिरीजमधे त्याला सरळ रेषेत पळवून मारलं, त्यावर झिगझॅगचे मीम येऊन येऊन झाले. पुस्तकात मात्र तो अजून जिवंत आहे, स्कॅगोस बेटावर, एक रानटी बाई आणि एक काळा लांडगा सोबतीला, जगाच्या लेखी मेलेला. उत्तरेचा सरदार मॅन्डर्लीने डाव्होस नावाच्या जुन्या तस्कराला त्याला शोधून आणायला पाठवलंय, कारण मॅन्डर्लीला स्टार्क नावाचं कोणीतरी हवंय. डाव्होस माझा सगळ्यात आवडता माणूस आहे पुस्तकातला, सहाव्या पुस्तकाची वाट बघत मी म्हातारा व्हायला लागलोय, पण त्याची होडी स्कॅगोसच्या आधीच कुठे तरी वाट चुकावी असं मला मनापासून वाटतं.